परतलेल्या जिम्नॅस्टची संथ वाटचाल

शाळेत असताना चार-पाच वर्षे जिम्नॅस्टिक्स केलेले, दहावीच्या वर्षाला ते सुटलेले आणि आता पस्तिशी-चाळिशीत पुन्हा गादीवर उतरलेले स्त्री-पुरुष शहरांतील व्यायामशाळांना नवे नाहीत. त्यांना पदक मिळवायचे नसते किंवा स्पर्धेतही उतरायचे नसते. एकेकाळी सहज जमणारी गोष्ट पुन्हा जमावी, एवढीच त्यांची इच्छा असते. पहिले दोन महिने उत्साहात जातात. कोलांटी, कार्टव्हील, भिंतीच्या आधाराने हँडस्टँड हे सारे भराभर परत येते. आणि मग सारे थबकते. आधाराविना हँडस्टँड तीन सेकंदांपुढे जात नाही, रिंगवर शरीर वर ओढले जात नाही, मनगट दुखू लागते. शेजारच्या गादीवर मात्र नऊ वर्षांची मुलगी महिन्याभरात नवी उडी शिकून मोकळी होते. याच टप्प्यावर अनेक जण एक तर येणे बंद करतात, नाही तर जिद्दीने सरावाचा जोर वाढवतात आणि दुखापत ओढवून घेतात.

या संथपणाचा दोष सहसा वयाला, नाही तर इच्छाशक्तीला दिला जातो. ही दोन्ही निदाने अपुरी आहेत. परतलेल्या खेळाडूचे शरीर एकाच गतीने परतत नाही. त्याचा मेंदू, त्याचे स्नायू आणि त्याचे सांधे तीन वेगवेगळ्या गतींनी परततात. त्यांतील सर्वांत वेगवान गतीवरून जो अपेक्षा बांधतो, त्याची निराशा ठरलेली असते.

स्मरण आधी, बळ नंतर

पोहणे किंवा सायकल चालवणे माणूस जसे विसरत नाही, तसेच कार्टव्हीलही विसरत नाही. हात कधी टेकायचा, पाय कधी फेकायचा, नजर कोठे ठेवायची, हा हालचालींचा क्रम मेंदूत, विशेषतः लहान मेंदूच्या आधाराने, दीर्घकाळ टिकून राहतो. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत दिसणारी प्रगती ही खऱ्या अर्थाने प्रगती नसतेच. ती जुन्या ठेवीची वसुली असते. ठेव संपली की नवी कमाई सुरू करावी लागते आणि तिचा वेग अर्थातच वेगळा असतो.

बळाच्या बाबतीतही असाच चकवा आहे. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या चार-सहा आठवड्यांत जी ताकद वाढते, ती मुख्यतः मज्जासंस्थेच्या सुधारणेमुळे. आहेत तेच स्नायू मेंदू अधिक चांगल्या रीतीने कामाला लावू लागतो. स्नायू प्रत्यक्ष भरण्याची क्रिया त्यानंतर दिसू लागते. पूर्वी कमावलेला स्नायू पुन्हा कमावणे सोपे जाते, हा व्यायामशाळांतील जुना समज आहे आणि त्याला काही आधारही आहे. नॉर्वेतील ओस्लो विद्यापीठाचे क्रिस्टियन गुंडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून असे दाखवले, की व्यायामाने स्नायूच्या तंतूंत वाढलेली केंद्रके स्नायू रोडावल्यावरही टिकून राहतात. माणसाच्या बाबतीत या यंत्रणेविषयी संशोधकांत अजून मतभेद आहेत. तरीही लहानपणी कमावलेले सारे वाया गेले, असे मानण्याचे कारण नाही.

खरी अडचण पुढे आहे. स्नायूला हाडाशी जोडणारा जो चिवट दोर असतो, ज्याला टेंडन म्हणतात, त्याला रक्ताचा पुरवठा कमी असतो आणि त्याची जडणघडण अतिशय मंद असते. टाचेला पोटरीशी जोडणाऱ्या अकिलिस टेंडनवर डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१३ मध्ये एक लक्षवेधी अभ्यास प्रसिद्ध केला. १९५० व १९६०च्या दशकांत झालेल्या अणुचाचण्यांमुळे वातावरणातील कार्बन-१४चे प्रमाण काही काळ बरेच वाढले होते. त्याचा ठसा टेंडनच्या पेशीजालात किती उरला आहे, हे मोजून त्या जालाचे वय काढता आले. निष्कर्ष असा, की या टेंडनचा गाभा साधारण वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि त्यानंतर जवळजवळ नव्याने बनत नाही.

याचा अर्थ प्रौढपणी टेंडन सुधारतच नाही असा नव्हे. नियमित आणि संथ भार दिला तर त्याचा ताठपणा आणि सहनशक्ती वाढते; मात्र त्याला तीन महिने आणि पुष्कळदा त्याहून अधिक काळ लागतो. स्नायू सहा आठवड्यांत उडी मारायला तयार होतो आणि टेंडन अजून तयार नसतो. ही मधली दरी धोक्याची. अकिलिस टेंडन तुटण्याचे प्रमाण अधूनमधून खेळणाऱ्या तीस ते पन्नास वयाच्या पुरुषांत विशेष आढळते, ते या दृष्टीने समजण्यासारखे आहे. परतलेल्या खेळाडूने पहिले तीन-चार महिने धावत येऊन मारायच्या उड्या टाळाव्यात, हा नियम म्हणूनच केवळ सावधगिरीचा नाही. तो वेळापत्रकाचा भाग आहे.

तेच शरीर नव्हे

वय बाजूला ठेवले तरी आणखी एक गोष्ट उरते, ती निव्वळ भूमितीची. आठवणीतले कौशल्य एका वेगळ्या शरीराने शिकलेले असते. समजा, अकराव्या वर्षी उंची १४० सेंटिमीटर होती आणि आता १७० आहे. शरीराची ठेवण तीच राहिली असे धरले तर वजन उंचीच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे १.८ पट होते. स्नायूची ताकद मात्र त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. ती सुमारे दीड पटच वाढते. दर किलोमागे हाताशी असलेले बळ त्यामुळे जवळजवळ १८ टक्क्यांनी घटते. हवेत गिरकी घेताना शरीर जो विरोध करते, तो तर उंचीच्या पाचव्या घाताने वाढतो. या उदाहरणात तो अडीच पटींहून अधिक होतो. जगातील अव्वल जिम्नॅस्ट बहुधा बुटके का असतात, याचेही उत्तर याच गणितात आहे. प्रत्यक्षात वयात येताना स्नायू भरतात, म्हणून हिशेब इतका सरळ राहत नाही. पण पोटावर जमलेले सात-आठ किलो तो पुन्हा बिघडवतात.

दुसरा हिशेब तासांचा. स्पर्धेसाठी तयार होणारे मूल रोज तीन तास, आठवड्यातून पाच दिवस सराव करत असेल, तर ते पंधरा तास झाले. नोकरी करणारा माणूस दीड तासाच्या दोन वर्गांना जातो. त्याचे तीन तास होतात. म्हणजे मुलाच्या एका वर्षाला त्याची पाच वर्षे. त्यातही वर्गाचा अर्धा वेळ अंग मोकळे करण्यात जातो. ही तुलना मनात स्पष्ट असेल तर शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलीचा हेवा वाटणार नाही.

परतणाऱ्याला साधनेही बदललेली दिसतात. नव्वदच्या दशकात व्हॉल्टसाठी जो लांबट घोडा वापरला जात असे, त्याच्या जागी २००१ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत रुंद, पुढे उतरता पृष्ठभाग असलेले टेबल आले. हात टेकायला मोठी जागा मिळाल्याने ते अधिक सुरक्षित आहे. दहापैकी दहा गुणांची पद्धतही २००६ मध्ये गेली. हौशी माणसाला गुणांशी देणे-घेणे नसले, तरी तेव्हा शिकवलेली प्रत्येक गोष्ट आज तशीच शिकवली जात नाही, हे त्याने ध्यानी ठेवावे. हँडस्टँड हे त्याचे उत्तम उदाहरण.

मनगट, खांदा आणि पाठ

पूर्वी अनेक ठिकाणी हँडस्टँड पाठीत बाक काढून, केळ्यासारखा वळवून केला जात असे. लहान मुलाच्या लवचीक पाठीला तो खपतो. प्रौढाच्या कमरेवर मात्र त्याचा सारा ताण येतो आणि तोल सांभाळण्याचे कामही अवघड होते. आज शिकवला जाणारा हँडस्टँड सरळ रेषेतला असतो: मनगट, खांदा, कंबर आणि घोटा एकावर एक. या रेषेसाठी दोन गोष्टी लागतात. मनगट मागे सुमारे ९० अंशांत वळले पाहिजे आणि दंड कानांच्या रेषेत पूर्ण वर गेले पाहिजेत. दिवसाचे आठ-नऊ तास संगणकापुढे खांदे पुढे झुकवून बसणाऱ्याकडे नेमक्या याच दोन गोष्टी नसतात. मग कमतरता भरून काढण्यासाठी शरीर पाठीत बाक काढते. खेळाडूला वाटते, तोल जात आहे. तो आणखी शंभर वेळा पाय वर फेकतो. प्रश्न तोलाचा नसतोच. खांदा उघडत नसतो.

संथ प्रगतीच्या तक्रारींत अशी उदाहरणे पुष्कळ सापडतील. अडलेले कौशल्य हे बहुतेक वेळा एका लहान, दुर्लक्षित घटकावर अडलेले असते. बॅक हँडस्प्रिंग जमत नाही, कारण उडी मागे जाण्याऐवजी वर जाते. उडी वर जाते, कारण गुडघे पुढे येतात. गुडघे पुढे येतात, कारण मन मागे पडायला धजत नाही. बारवर किप जमत नाही, कारण पोटाचे स्नायू पायांना बारपर्यंत आणण्याआधीच थकतात. कोणता घटक अडवतो आहे, हे शोधण्याचा सोपा उपाय आज प्रत्येकाच्या खिशात आहे. बाजूने काढलेले दहा सेकंदांचे चलतचित्र मंद गतीने पाहिले, की प्रशिक्षक महिनाभर काय सांगत होते ते एका क्षणात कळते.

त्या घटकावरचे काम मात्र कंटाळवाणे असते. उताणे झोपून कंबर जमिनीला घट्ट टेकवायची, खांदे आणि पाय थोडे उचलायचे आणि तीस सेकंद तसेच राहायचे. पोट भिंतीकडे करून हातांवर उभे राहायचे. गुडघ्यांवर बसून तळवे जमिनीवर ठेवून मनगटांवर हळूहळू वजन घ्यायचे. पाहणाऱ्याला यात जिम्नॅस्टिक्स दिसणार नाही. पण हीच कामे घरी रोज दहा-पंधरा मिनिटे करता येतात आणि त्यांना गादी लागत नाही, प्रशिक्षकही लागत नाही. आठवड्याच्या तीन तासांत त्यामुळे आणखी एक-दीड तासाची भर पडते. वर्गाचा वेळ केवळ साधनांसाठी उरतो.

सरावाची मांडणी

वर्गातील क्रमही महत्त्वाचा आहे. सर्वांत अवघड कौशल्य अंग तापल्यावर लगेच घ्यावे, शेवटी नव्हे. थकलेल्या अवस्थेत केलेल्या वीस प्रयत्नांतून शरीर चुकीचीच हालचाल पक्की करते. सहा-आठ चांगले प्रयत्न झाले की थांबावे. हालचालीची नवी घडी झोपेत पक्की होते, हे अनेक प्रयोगांतून दिसून आले आहे. म्हणूनच एका रविवारी तीन तास घालवण्यापेक्षा तीन दिवस एकेक तास अधिक फळतो. उड्यांच्या दोन सत्रांमध्ये किमान ४८ तासांचे अंतर असावे. मुलांच्या वर्गात उभे राहणाऱ्या प्रौढाची येथेच गफलत होते. मुले रोज उड्या मारतात, म्हणून तोही मारतो.

पहिल्या कोलांट्यांनंतर गरगरते, मळमळते, अशीही एक सामान्य तक्रार असते. कानातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला वर्षानुवर्षे असे फिरणे घडलेले नसते. रोज थोड्या कोलांट्या घेतल्यास काही आठवड्यांत मेंदू त्याला सरावतो. एकाच दिवशी वीस घेणे हा उपाय नव्हे.

महाराष्ट्रातील वाचकाला येथे मल्लखांबाची आठवण होणे स्वाभाविक आहे. दादरच्या शिवाजी पार्कवरील श्री समर्थ व्यायाम मंदिर, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ, अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ यांसारख्या संस्थांच्या परंपरेत वाढलेल्या अनेकांनी लहानपणी लाकडी खांब आणि दोरी दोन्ही हाताळलेली असतात. अढी, तेढी, दसरंग यांत शरीर खांबाला मांड्यांनी आणि हातांनी धरून ठेवायचे असते. धावत येऊन उडण्याचा आणि आदळण्याचा भाग त्यात फारसा नसतो. गुडघे आणि घोटे कुरकुरणाऱ्या माणसाला हा मार्ग म्हणूनच सोयीचा ठरू शकतो. त्वचा मात्र पहिल्या महिन्यात सोलवटते आणि दोरी धरणारी पायाची बोटे बंड करतात. शिवाय उतरताना घेतलेली उडी ही उडीच असते. सांध्यांच्या दृष्टीने तिला खांबाचे कौतुक नसते.

भीती

प्रौढाच्या मार्गातला सर्वांत मोठा अडथळा पुष्कळदा शरीरात नसतो. मुलाला पडण्याची किंमत ठाऊक नसते. चाळिशीतल्या माणसाला ती नेमकी ठाऊक असते: दुसऱ्या दिवशी कचेरी असते, घराचा हप्ता असतो, हात प्लास्टरमध्ये घालून घेणे परवडणारे नसते. ही भीती शहाणपणाची आहे. तिला भेकडपणा म्हणून हिणवणाऱ्या प्रशिक्षकापासून दूर राहावे. अडचण अशी, की अर्धवट भीतीने घेतलेली उडी पूर्ण उडीपेक्षा अधिक धोकादायक असते. मध्येच विचार बदलला की शरीर हवेत अडकते.

अव्वल खेळाडूही यातून सुटत नाहीत. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, २०२१ साली, सिमोन बाइल्सला हवेत आपण कोठे आहोत याची जाणीवच राहीनाशी झाली आणि सांघिक अंतिम फेरीतून तिने माघार घेतली. काही दिवसांनी ती बीमच्या अंतिम फेरीत उतरली, पण बीमवरून उतरतानाची आपली नेहमीची गिरक्यांची उडी बाजूला ठेवून, गिरकी नसलेली सोपी उडी घेऊन. तिला कांस्यपदक मिळाले. २०२४ मध्ये पॅरिसला ती तीन सुवर्णपदके घेऊन परतली, तेव्हा तिचे वय २७ होते. हौशी खेळाडूने यातून उचलण्याजोगी गोष्ट पदकांची नव्हे, त्या सोप्या उडीची आहे. भीती कौशल्याच्या ज्या तुकड्यात आहे तेवढा तुकडा काढून ठेवावा आणि बाकीचे चालू ठेवावे. मऊ जाड गादी, प्रशिक्षकाच्या हाताचा आधार, मग फक्त दोन बोटांचा आधार, मग नुसती त्याची उपस्थिती, अशा पायऱ्या कराव्यात. प्रत्येक पायरी कंटाळा येईपर्यंत करावी. कंटाळा आला, याचाच अर्थ भीती गेली.

मोजायचे काय

जमले किंवा नाही जमले, एवढीच नोंद ठेवणाऱ्याला वर्षातले अकरा महिने काहीच घडत नसल्यासारखे दिसते. म्हणून एकाच वेळी दोन-तीन घटक निवडून त्यांची नोंद ठेवावी: भिंतीला पोट लावून किती सेकंद उभे राहता आले, मनगट न दुखता किती मिनिटे झाली, दंड कानांच्या किती मागे गेले, सत्रानंतर दुसऱ्या दिवशी सांधे किती कुरकुरले. हे आकडे दर महिन्याला हलतात. सलग दोन-अडीच महिने यांतील एकही हलला नाही, तर कौशल्य नव्हे, सराव बदलावा. काही कौशल्ये सोडून देणेही योग्य असते. खांद्याची जुनी दुखापत असलेल्याने रिंगचा हट्ट धरू नये.

वयाची मर्यादा कोठे आहे, याविषयी मात्र घाईने बोलू नये. जर्मनीच्या योहाना क्वास या स्पर्धांपासून दीर्घकाळ दूर राहून पन्नाशी उलटल्यावर परतल्या आणि २०१२ मध्ये, ८६व्या वर्षी, जगातील सर्वांत वयोवृद्ध जिम्नॅस्ट म्हणून गिनेस बुकात नोंदल्या गेल्या. उझबेकिस्तानची ओक्साना चुसोविटिना १९९९ मध्ये आई झाली, पुढच्याच वर्षी सिडनी ऑलिम्पिकमध्ये उतरली, २००८ मध्ये जर्मनीकडून व्हॉल्टचे रौप्यपदक जिंकली आणि २०२१ मध्ये, ४६व्या वर्षी, आपले आठवे ऑलिम्पिक खेळली. अर्थात या दोघींनी व्यायाम पूर्ण असा कधी सोडलाच नव्हता. वीस वर्षे खुर्चीत बसून परतलेल्याने त्यांच्याशी तुलना करून स्वतःला छळू नये.

काही गोष्टी वैद्यकीय सल्ल्याशिवाय करू नयेत. उलटे उभे राहिल्याने डोळ्यांतील दाब वाढतो, त्यामुळे काचबिंदू असलेल्यांनी हँडस्टँड टाळावा. रक्तदाब अनियंत्रित असताना तो करू नये. बाळंतपणानंतर परतलेल्या स्त्रियांना उडी मारताना लघवीवर ताबा राहत नसेल, तर ती लाजेने लपवण्याची गोष्ट नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात आणि त्यांचा उपयोग होतो. रजोनिवृत्तीनंतर हाडांची घनता तपासून घेऊनच उंचावरून उतरण्याचा सराव करावा. स्नायूंचे सर्वत्र पसरलेले दुखणे दोन-तीन दिवसांत जाते. सांध्यात एका बोटाने दाखवता येईल असे दुखणे, सूज किंवा रात्री जाग आणणारी वेदना असेल, तर ते कौशल्य थांबवावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

सुट्टीनंतरची परत हाही एक लहानसा स्वतंत्र विषय आहे. दिवाळी, मे महिना, एखादे आजारपण यांमुळे दोन-तीन आठवड्यांचा खंड दरवर्षी पडतोच. पहिल्या सत्रात प्रयत्नांची संख्या निम्मी ठेवावी, उड्या पूर्ण वगळाव्यात आणि खंडाला जितके आठवडे लागले साधारण तितकेच पूर्वपदाला यायला द्यावेत. मनगटांचा दहा मिनिटांचा व्यायाम मात्र प्रवासातही सुटू देऊ नये. त्याला हॉटेलच्या खोलीतली जमीन पुरते.